पर्यावरणपूरक सार्वजनिक ग्रंथालय : इमारत, निधी आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातील एका पेठेतल्या जुन्या वाचनालयाच्या इमारत समितीवर मी काही वर्षे काम केले. त्या काळात सभासदांनी, देणगीदारांनी, शेजाऱ्यांनी आणि जिल्ह्यातील इतर ग्रंथालयांच्या कार्यवाहांनी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ती कोल्हापूरची हवा, माती आणि नदी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. विदर्भात किंवा किनारपट्टीवर यांतील बरीचशी तशीच्या तशी लागू पडणार नाहीत.

पर्यावरणपूरक ग्रंथालय म्हणजे नेमके काय? छतावर सौर पॅनेल बसवले की झाले का?

नाही. सौर पॅनेल ही या कामातली शेवटची पायरी आहे, आणि गंमत अशी की बहुतेक सभांमध्ये चर्चेची सुरुवात तिथूनच होते. आधी इमारतीला विजेची गरज कमीत कमी कशी लागेल हे पाहायचे, मग पाणी कमी कसे लागेल हे पाहायचे, मग बांधकामाचे साहित्य जवळचे आणि टिकाऊ निवडायचे, आणि एवढे करून जी थोडी वीज लागेल ती छतावर तयार करायची. हा क्रम उलटा केला तर पश्चिमेच्या उन्हात भाजून निघणारी काचेची इमारत उभी राहते आणि ती थंड करण्यासाठी वर पॅनेलची रांग लावावी लागते.

ग्रंथालयाच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे, आणि या पानावरील जवळपास प्रत्येक उत्तर त्याच्याशी जोडलेले आहे. आपल्याकडे इमारत बांधायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत. कोनशिलेच्या दिवशी मांडव भरलेला असतो. सहा वर्षांनी पंप जळतो तेव्हा ग्रंथपाल एकटा असतो. म्हणून आराखडा कितीही सुंदर असला तरी त्याला विचारायचा पहिला प्रश्न हा, की तू ग्रंथपालाच्या हातात दरमहा किती रुपयांचे बिल ठेवणार आहेस?

अशी इमारत नेहमीपेक्षा महाग पडत नाही का?

काही गोष्टी महाग पडतात, काही फुकट मिळतात. खिडकी उत्तरेला काढायची की पश्चिमेला, याला पैसे लागत नाहीत. जिना आणि स्वच्छतागृहे पश्चिमेच्या बाजूला टाकून वाचनकक्षाला उन्हापासून आडोसा करायलाही लागत नाहीत. लागतो तो कागदावरचा विचार, आणि तो पाया खणण्याआधी व्हावा लागतो. जास्तीचा खर्च येतो तो पाण्याच्या टाकीला, छताच्या उष्णतारोधक थराला, चांगल्या खिडक्यांना आणि सौर यंत्रणेला.

एक साधा हिशेब पाहा. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, नव्या पद्धतीचा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. चाळीस पंखे रोज दहा तास फिरले तर दिवसाला १८ युनिट वाचतात, आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ५,४०० युनिट. पंख्याच्या किमतीतला फरक बांधकामाच्या अंदाजपत्रकात दिसतो. ही बचत मात्र पुढच्या प्रत्येक वर्षीच्या जमाखर्चात दिसते, आणि दुर्दैवाने ते दोन कागद वेगवेगळ्या लोकांपुढे ठेवले जातात.

जुनी इमारत पाडावीच लागते का?

बहुतेक वेळा नाही, आणि हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जावा अशी माझी इच्छा असते. उभ्या असलेल्या इमारतीतील दगड, विटा, सिमेंट आणि लोखंड यांसाठी लागणारी ऊर्जा खर्च होऊन गेलेली आहे. पाडकाम केले की ती राडारोड्यात जाते. महापालिका हद्दीतील तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची संरचना तपासणी तशीही करून घ्यावी लागते. तो अहवाल हातात आल्यावरच पाडायचे की दुरुस्त करायचे हे ठरवावे. गल्लीतल्या चर्चेवरून ठरवू नये.

चार्ल्स मॅन्ट यांनी आराखडा केलेला आणि १८८४ मध्ये पूर्ण झालेला कोल्हापूरचा नवा राजवाडा काळ्या दगडाचा आहे. अशा जाड भिंतींच्या इमारतीत एप्रिलच्या दुपारी पाऊल टाकले की फरक अंगाला कळतो, कारण जाड दगड दिवसाची उष्णता आत पोहोचू देण्यास बराच वेळ घेतो. आपल्या पेठांमधील जुन्या वाड्यांनाही हाच गुण आहे. तेव्हा असा वाडा ग्रंथालयाकडे असेल तर छप्पर, वायरिंग आणि स्वच्छतागृहे सुधारून तो वापरणे हाच सर्वांत पर्यावरणपूरक मार्ग ठरू शकतो.

जागा निवडताना काय पाहावे? पुराचे काय?

कोल्हापुरात हा प्रश्न पहिल्या क्रमांकाचा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. पाणी केवळ नदीच्या काठाने येत नाही. जयंती नाल्यासारख्या प्रवाहांतून ते मागे फिरते आणि नदीपासून लांब समजल्या जाणाऱ्या भागांत शिरते. म्हणून जागेचा सात-बारा किंवा मिळकत पत्रिका पाहण्याबरोबरच ती निळ्या आणि लाल पूररेषेच्या संदर्भात कोठे पडते, हे नकाशावर पाहून घ्यावे. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. दोन वर्षांच्या अंतराने दोन महापूर पाहिलेल्या माणसाला ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांवर किती विसंबायचे हे वेगळे सांगायला नको.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी उतरल्यावर एका ओळखीच्या वाचनालयात आम्ही काही जण मदतीला गेलो होतो. वरच्या कप्प्यांतली पुस्तके कोरडी होती. खालच्या दोन कप्प्यांतली पुस्तके भिजून एवढी फुगली होती की ती कपाटातून निघेनात. शेवटी पहारीने कपाटाची बाजू उचकटावी लागली. साध्या कागदाची पुस्तके मध्येमध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून, पंख्याखाली उभी करून, पाने रोज उलटत वाळवली आणि त्यांतली बरीच वाचली. गुळगुळीत कागदाची चित्रमय पुस्तके मात्र वाळली ती विटेसारखी. पान पानाला कायमचे चिकटलेले.

यातून आराखड्यासाठी धडा सरळ आहे. पुस्तके, विजेचा मुख्य फलक, बॅटऱ्या आणि संगणक पहिल्या मजल्यावर किंवा आजवरच्या सर्वांत उंच पुराच्या खुणेच्या वर असावेत. तळमजल्यावर व्याख्यानाची जागा, लहान मुलांची बैठक, सायकली, वृत्तपत्रे ठेवावीत; म्हणजे पाणी आलेच तर धुऊन, चुना मारून आठवड्यात पुन्हा सुरू करता येईल असे काही. तळघर तर स्वप्नातही आणू नये.

नदीकाठच्या पट्ट्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे माती परीक्षणाचे पैसे वाचवण्याचा मोह टाळावा.

इमारतीचे तोंड कोणत्या दिशेला असावे?

वास्तुशास्त्राचा प्रश्न असेल तर तो येथे बाजूला ठेवतो. उन्हाचा, वाऱ्याचा आणि पावसाचा प्रश्न असेल तर उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण कोल्हापूरची खरी अडचण पश्चिमेला आहे.

वाचनासाठी उत्तरेचा उजेड उत्तम. तो दिवसभर सारखा असतो, डोळ्यांवर येत नाही आणि पुस्तकांची मुखपृष्ठे लवकर विटवत नाही. आपण साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर आहोत, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. पण तो इतका उंच असतो की दोन फुटांचा छज्जा पुरतो. त्या दिवसांतले सकाळ-संध्याकाळचे तिरके ऊन अडवायला खिडकीच्या बाजूंना उभ्या पट्ट्या द्याव्यात. दक्षिणेला डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य सुमारे ५० अंशांवर उतरतो. दीड मीटर उंचीच्या खिडकीवरचे त्या वेळचे ऊन पूर्ण अडवायचे तर छज्जा सव्वा मीटरचा हवा. हे कोणत्याही वास्तुविशारदाला ठाऊक असते, पण ‘दर्शनी भाग सपाट आणि आधुनिक दिसू द्या’ असा आग्रह समितीनेच धरला की छज्जे सर्वांत आधी कापले जातात.

आता पश्चिम. दुपारनंतरचे सगळे ऊन तिकडून येते, पावसाची झड तिकडूनच येते, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी हवाहवासा वाटणारा वाराही तिकडूनच येतो. वारा हवा, ऊन आणि झड नको, हे साधायचे कसे? आपल्या जुन्या घरांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे : खोल सोपा (ओसरी), त्यावर उतरते छप्पर, लाकडी झडपांच्या खिडक्या आणि समोर झाड. आठ-दहा फूट खोलीचा व्हरांडा पश्चिमेला दिला तर ऊन आणि पाऊस बाहेरच राहतात आणि वारा आत येतो. समोरच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला छताजवळ उघडणाऱ्या झडपा ठेवल्या की तापलेली हवा वरून निघून जाते. या व्हरांड्याचा आणखी एक उपयोग सांगतो, तो कोणत्याही नकाशात लिहिलेला नसतो : सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारी ज्येष्ठ मंडळी तिथेच बसतात, आणि आतल्या वाचनकक्षात शांतता राहते.

वातानुकूलन हवे का? पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी लागते, त्याचे काय?

वाचनकक्षाला वातानुकूलनाची गरज नाही. छत उष्णतारोधक केले, वारा खेळता ठेवला आणि पंखे चांगले घेतले तर वर्षातले काही कडक दिवस सोडता काम भागते. त्या दिवसांत घामाघूम होऊन कोणी वाचत बसावे असे मी म्हणणार नाही. पण त्यासाठी बारा महिन्यांचे बिल डोक्यावर घेणे शहाणपणाचे नाही.

पुस्तकांचा शत्रू उष्णतेपेक्षा ओल आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरू लागते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती त्याहून पुष्कळ वर असते. त्यात दिवसा वातानुकूलन चालू आणि रात्री बंद असा प्रकार केला तर तापमान आणि ओल सतत वरखाली होतात, आणि कागदाला तेच सर्वांत घातक असते. म्हणून जुनी हस्तलिखिते आणि दुर्मीळ ग्रंथ यांच्यासाठी एक लहान, बंदिस्त खोली ठेवावी, तिथे ओल शोषणारे यंत्र पावसाळ्यात सतत चालवावे, आणि बाकीच्या संग्रहासाठी हवा खेळती ठेवावी.

कपाटे बाहेरच्या भिंतीला टेकवू नयेत; निदान वीतभर अंतर सोडावे. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून वर उचललेला असावा. कसर आणि वाळवी यांच्यासाठी पायाभरणीच्या वेळीच वाळवीप्रतिबंधक उपचार करून घ्यावेत. बाकी वेखंड, कडुलिंबाचा पाला आणि दर महिन्याला फडक्याने पुसणे हे उपाय जुने आहेत म्हणून टाकाऊ नाहीत. त्यांतला शेवटचा तर सर्वांत परिणामकारक आहे आणि सर्वांत कमी केला जातो.

बांधकामाला कोणते साहित्य वापरावे?

जवळचे. स्थानिक काळा दगड, सह्याद्रीकडच्या पट्ट्यातील जांभा, फ्लाय ॲशच्या विटा, आणि पाडलेल्या वाड्यांमधून निघालेले सागवान. पाडकामातून निघणारे दरवाजे, तुळया आणि फरशा विकत घेण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. तिला कोणी ‘पुनर्वापर’ म्हणत नव्हते एवढेच.

कोल्हापूरची एक खास गोष्ट आहे ती फाउंड्रीची वाळू. येथील ओतकाम कारखान्यांतून साच्यांसाठी वापरलेली वाळू मोठ्या प्रमाणात बाहेर पडते आणि तिची विल्हेवाट ही उद्योगाची डोकेदुखी आहे. अंगणातील पेव्हर ब्लॉकसाठी ती वापरता येते. मात्र साच्यांत रेझिन वापरलेले असेल तर त्या वाळूची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय ती घेऊ नये, कारण त्यातील रसायने पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत उतरू शकतात आणि आपण त्याच अंगणातले पाणी कूपनलिकेत सोडणार असतो.

दर्शनी काच शक्य तेवढी टाळावी. टाळता येत नसेल तर ती उत्तरेला ठेवावी.

पुस्तकांचे वजन खरोखर एवढे असते का?

होय, आणि राहत्या घराचा नकाशा ‘थोडा बदलून’ ग्रंथालय करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीच्या तळाला चौरस मीटरमागे साधारण २०० किलो भार धरतात. ग्रंथांच्या कपाटांच्या दालनाला, कपाटाची उंची २.२ मीटरपर्यंत असताना, सुमारे ६०० किलो, आणि त्यापुढच्या प्रत्येक मीटर उंचीला आणखी सुमारे २०० किलो धरावे लागतात. तिप्पट भाराचा स्लॅब म्हणजे जास्त सिमेंट आणि जास्त लोखंड. म्हणून संपूर्ण मजला जड न करता ग्रंथदालन एका भागात एकवटावे आणि वाचनकक्ष हलक्या बांधणीचा ठेवावा. पर्यावरणाची आणि खिशाची काळजी येथे एकाच वेळी घेतली जाते.

पावसाच्या पाण्याचा उपयोग किती होतो?

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ३०० चौरस मीटर छत, वर्षाचा सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस आणि गळती-बाष्पीभवन वजा जाता ८० टक्के पाणी हाती येईल असे धरले तर २ लाख ४० हजार लिटर होतात. आकडा ऐकून सभेत टाळ्या पडतात. पण हे पाणी चार महिन्यांत येते आणि त्याच चार महिन्यांत त्याची गरज सर्वांत कमी असते. स्वच्छतागृहे आणि बागेसाठी रोज हजार लिटर लागत असतील तर २० हजार लिटरची टाकी वीस दिवस पुरते. म्हणून टाकी मध्यम आकाराची ठेवून उरलेले पाणी गाळून कूपनलिकेत किंवा शोषखड्ड्यात सोडावे. पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी, ज्यात छतावरची धूळ आणि कबुतरांची घाण असते, वेगळे काढून टाकण्याची सोय पन्हळीलाच करावी.

शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात तलाव आणि विहिरींतून पावसाचे पाणी साठवून वापरले जाते. इमारत समितीने एकदा जाऊन ती व्यवस्था पाहून यावी.

सौर यंत्रणा किती क्षमतेची बसवावी?

मागील बारा महिन्यांची वीजबिले समोर ठेवून ठरवावी. ढोबळ मानाने एक किलोवॅटला सावली नसलेली दहा चौरस मीटर जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट मिळतात. म्हणजे दहा किलोवॅटला शंभर चौरस मीटर आणि चाळीस युनिट. पावसाळ्यात उत्पादन घसरते, उन्हाळ्यात वाढते, आणि नेट मीटर (बाहेर दिलेली आणि बाहेरून घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) असल्याने ही वजाबाकी महावितरणच्या बिलात होते. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत चालत असेल तर हे विशेष उपयोगी पडते.

पॅनेल पंचवीस वर्षे टिकतात, इन्व्हर्टर त्याच्या निम्मीही टिकेलच असे नाही. इन्व्हर्टर बदलण्याचे पैसे पहिल्या वर्षापासून बाजूला टाकावेत. आणि पॅनेल धुवायला वर जाण्यासाठी नीट जिना असावा. शिडी लावून चढायचे असेल तर ती कधीच धुतली जात नाहीत.

हरित इमारतीचे मानांकन घ्यावे का?

देशात ‘गृह’ आणि आयजीबीसी (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) या मानांकनाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. २,५०० चौरस मीटरपेक्षा लहान इमारतींसाठी ‘स्वगृह’ ही सोपी पद्धतही आहे. चेन्नईतील अण्णा शताब्दी ग्रंथालयाला ‘लीड’ या मूळच्या अमेरिकी पद्धतीचे सुवर्ण मानांकन मिळालेले आहे. मोठ्या देणगीदार कंपनीला प्रमाणपत्र हवे असेल तर ते घ्यावे. अन्यथा मानांकनाची प्रश्नावली डाउनलोड करून आराखडा तपासण्यासाठी वापरावी आणि शुल्काचे पैसे टाकीत घालावेत, असे माझे मत आहे. तैपेईतील बेइतोउ शाखा ग्रंथालय २००६ पासून छतावरचे पावसाचे पाणी स्वच्छतागृहांसाठी वापरते. तेथे जाणाऱ्याला आधी आठवतात ते लाकडी सज्जे आणि झाडांमधला उजेड.

शासनाकडून इमारतीसाठी पैसे मिळतात का?

मिळू शकतात, पण त्यावर भिस्त ठेवून पाया खणू नये. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे आणि त्याखालील १९७० च्या नियमांत परिरक्षण (म्हणजे ग्रंथालय चालवण्याच्या) अनुदानाबरोबरच इमारत व साधनसामग्री अनुदानाचीही तरतूद आहे. ग्रंथालयाला अ, ब, क, ड यांपैकी कोणता वर्ग मिळाला आहे त्यावर वार्षिक अनुदान ठरते. २०१२ मध्ये दुप्पट झालेले हे अनुदान पुढे दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, ६० टक्क्यांनी वाढले. दोन वाढींमधले हे अंतर लक्षात घेतले म्हणजे दरमहा बिल कमी ठेवण्याचा माझा आग्रह का आहे ते कळेल.

१९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान निधी आणि असमान निधी अशा योजना आहेत. अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत जातो. समान निधी योजनेत राज्याचा वाटाही लागतो, हे वेळापत्रक आखताना ध्यानात ठेवावे. खासदारांच्या वर्षाला पाच कोटींच्या स्थानिक विकास निधीतून टिकाऊ मालमत्ता उभारता येते. देखभाल किंवा पगार त्यातून भागवता येत नाहीत. येथेही तोच अनुभव : भिंतीला पैसे आहेत, दिव्याला नाहीत.

इतर राज्यांसारखा ग्रंथालय कर आपल्याकडे का नाही?

सीमा ओलांडली की कर्नाटकात मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर घेतला जातो; महाराष्ट्राच्या अधिनियमात अशी तरतूद नाही. कोल्हापूरकरांना याची बोच थोडी अधिक असावी, कारण करवीर नगर वाचन मंदिराची परंपरा १८५० पासूनची आहे आणि कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच, म्हणजे मद्रास प्रांताच्या १९४८ च्या कायद्याच्याही आधी, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. उपकर लागू करणे हा विधिमंडळाचा विषय आहे. तोवर वर्गणी, देणगी आणि अनुदान यांवरच भागवावे लागते.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी कसा मिळवावा?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. सातव्या अनुसूचीत ‘सार्वजनिक ग्रंथालये उभारणे’ हे शब्द स्पष्टपणे आहेत आणि कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायद्यात म्हटले आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहती आपल्या दारात आहेत. संस्थेने सीएसआर-१ नोंदणी (असा निधी स्वीकारण्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी) केलेली असावी लागते. ती नसताना चहापानापलीकडे बोलणे जात नाही.

प्रस्ताव ‘इमारतीसाठी मदत द्या’ असा मोघम नसावा. ‘पावसाच्या पाण्याची यंत्रणा, इतका खर्च, इतके लिटर, इतक्या महिन्यांत’ असा एकेक वेगळा तुकडा करून द्यावा. मध्यम आकाराच्या कारखान्याला असा तुकडा पेलतो आणि त्याच्या वार्षिक अहवालात नीट मांडताही येतो.

वैयक्तिक देणगीदाराला कर सवलत मिळते का?

संस्थेकडे ८०जी या नावाने ओळखली जाणारी मान्यता असेल, देणगीदार जुन्या कररचनेत असेल आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीत दिलेली नसेल, तर सामान्यतः देणगीच्या ५० टक्के रक्कम, ठरावीक मर्यादेत, उत्पन्नातून वजा होते. नव्या कररचनेत ही वजावट नाही.

तळमजल्यावर दुकानगाळे काढून खर्च भागवावा का?

या प्रश्नावर आमच्या समितीत सर्वांत जास्त वाद झाला, म्हणून दोन्ही बाजू मांडतो. गाळ्यांच्या बाजूने बोलणारे म्हणाले की दरमहा भाडे हा एकमेव भरवशाचा उत्पन्नस्रोत आहे आणि पुराच्या भीतीने पुस्तके तशीही वरच ठेवायची आहेत. विरुद्ध बाजू म्हणाली की रस्त्यावरून जाणाऱ्याला मोबाइलचे दुकान दिसेल, ग्रंथालय दिसणार नाही. आणि गुडघे दुखणारी आजी जिना चढून येणार नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत.

आमचा तोडगा असा होता : रस्त्याकडील फक्त एक-तृतीयांश भाग गाळ्यांना, मधोमध रुंद प्रवेश, आणि लिफ्टसाठीची जागा पहिल्याच टप्प्यात बांधून घ्यायची, लिफ्ट नंतर आली तरी चालेल. प्रवेशाचा उतार १ : १२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे चाकाची खुर्ची कोणाच्या मदतीशिवाय वर येते. कायद्याची बाजू अशी की सार्वजनिक न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पागडी घेऊन कायमचे भाडेकरू बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याचे आभार मानून पुढच्या विषयाकडे वळावे.

देणगीदारांची नावे कोठे लावावीत?

वाचनकक्षाच्या दरवाजावर नाव हवे असणारे पुष्कळ भेटतात; जमिनीखालच्या टाकीवर नाव हवे असणारा कोणी भेटत नाही. आम्ही एक युक्ती केली. प्रवेशाजवळ इमारतीचा उभा छेद दाखवणारा मोठा फलक ठरवला, ज्यात टाकी, पन्हळी, पंखे, पॅनेल सगळे दिसेल आणि प्रत्येकाशेजारी ती वस्तू देणाऱ्याचे नाव असेल. त्यानंतर टाकीलाही दाता मिळाला. ते स्वतः नळकामाचे कंत्राटदार होते, त्यामुळे झाकणाची जागाही त्यांनीच बदलून दिली.

चालवण्याच्या खर्चासाठी काय करावे?

बांधकाम निधीतील ठरावीक हिस्सा, निदान दहावा, पहिल्या दिवसापासून कायम निधी म्हणून वेगळ्या खात्यात ठेवावा आणि त्याचे केवळ व्याज वापरावे. दहा लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला ७० हजार, म्हणजे महिन्याला सहा हजारांहून थोडे कमी मिळतात. एवढ्यात काचेच्या, वातानुकूलित इमारतीचे बिल भागणार नाही. उत्तरेच्या उजेडाच्या, पंख्यांच्या आणि सौर छताच्या ग्रंथालयाचे वीज-पाणी मात्र भागू शकते. म्हणून आराखडा आणि निधी यांच्या दोन वेगळ्या उपसमित्या करू नयेत. आमच्याकडे त्या होत्या, आणि पहिले वर्ष त्यात गेले.

अभ्यासिकेचे शुल्क हा दुसरा आधार. स्पर्धा परीक्षांची मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतात. त्यांच्यासाठी वेगळे प्रवेशद्वार, वेगळा वीजमीटर आणि स्वतंत्र स्वच्छतागृह ठेवावे, म्हणजे त्या भागाचा खर्च त्या भागाच्या शुल्कातून निघतो की नाही हे कळते.

जागेवर जुनी झाडे आहेत. ती काढावी लागतील का?

नकाशा झाडाभोवती फिरवावा. शहरी भागात परवानगीशिवाय वृक्षतोड करता येत नाही आणि पन्नास वर्षांपेक्षा जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून अधिक संरक्षण आहे. पश्चिमेला उभा असलेला जुना कडुलिंब म्हणजे फुकटचा पडदा आहे. वड-पिंपळाच्या मुळांपासून मात्र पाया लांब ठेवावा.

बांधकाम चालू असताना पुस्तके कोठे ठेवायची?

हा प्रश्न सर्वांत उशिरा सुचतो. प्रत्येक खोक्यावर कपाट आणि कप्प्याचा क्रमांक लिहावा, खोकी लहान घ्यावीत (मोठे भरले की कोणाला उचलत नाही), आणि ती पहिल्या मजल्यावरच्या कोरड्या, खिडकी असलेल्या खोलीत, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. नेहमी मागितली जाणारी हजारेक पुस्तके शेजारच्या एखाद्या शाळेच्या किंवा तालमीच्या खोलीत मांडून देवघेव सुरू ठेवावी. त्याशिवाय सभासदांना एकाऐवजी पाच पुस्तके घरी नेऊ द्यावीत. गोदामाचे भाडे तेवढे वाचते. आमच्याकडे अशी गेलेली जवळजवळ सगळी पुस्तके परत आली. पाककृतींचे एक आले नाही, आणि ते कोणाकडे आहे हे ग्रंथपालांना माहीत आहे.